वरकस

जूनच्या पहिल्या सरींबरोबर मीरा रोडच्या हाटकेश भागातल्या फुटपाथवर शेवळं येतात. डोंगराकडच्या पाड्यांवरच्या बायका सकाळीच टोपल्या घेऊन बसतात. तपकिरी-जांभळट दांड्यांच्या जुड्या, आणि शेजारी वाट्यांनी मांडलेली काकडं. काकडं म्हणजे काकड नावाच्या झाडाची हिरवी, बोराएवढी, दात आंबवणारी फळं. ठाणे जिल्ह्यात वाढलेला माणूस दोन्ही एकदमच घेतो. शेवळाच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. नुसतं शिजवून खाल्लं तर घसा खाजून जीव नकोसा होतो. काकडाचा आंबट रस हा त्यावरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उतारा. सीकेपी आणि पाठारे प्रभूंच्या घरात त्यात कोलंबी किंवा सोडे पडतात, आणि मग त्या दिवशी जेवायला कोण कोण येणार याची फोनाफोनी सुरू होते. मीरा रोडला राहायला आलेली बाकीची दुनिया मात्र टोपलीपाशी थबकते आणि पुढे जाते. "भाभी, ये किसकी जड़ है?" आमच्या मजल्यावरच्या शेजारणीने मला विचारलं होतं. जड नाही, फुलोरा आहे, असं मी सांगितल्यावर तिचा पुढचा प्रश्न आला: मग हे लावतं कोण?

कुणीच लावत नाही. आणि हेच मला आमच्या वरकसाने नीट शिकवलं.

आमची वीस गुंठे जमीन पारोळच्या अलीकडे, तुंगारेश्वरच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. सासऱ्यांकडून आलेली. हाटकेशहून निघायचं, वर्सोवा पूल ओलांडायचा, शिरसाड फाट्याला उजवीकडे वळायचं. पुलाच्या तोंडाशी ट्रॅफिक नसेल तर तासाभराचा रस्ता; असेल तर त्याबद्दल न बोललेलंच बरं. खाली भाताची खाचरं, वर उतारावर वरकस. कोकण-ठाण्यात भातशेतीला जोडून ही अशी उताराची, मुरमाड जमीन असायचीच. तिथे नाचणी-वरी करायची, गवत कापायचं आणि झाडांच्या फांद्या छाटून राबाला न्यायच्या. भाताचं बी जिथे टाकायचं त्या तुकड्यावर आधी शेण, पाला, फांद्या पसरून जाळायच्या, तो राब. ऐनाच्या फांद्या राबाला तोडू द्यायच्या की जंगल राखायचं, यावरून ब्रिटिश अमदानीत ठाणे-कुलाब्यात इतका असंतोष माजला की १८८५ साली सरकारला जंगलविषयक तक्रारींसाठी आयोग नेमावा लागला; तो दोन वर्षं चालला. आज राब करणारी घरं कमी झाली आणि वरकसांवर फार्महाऊसं उगवली. आमच्यासाठीही सल्ला तोच होता. काजू लावा, कलमी आंबा लावा, मधे एक खोली बांधा, शनिवार-रविवार भाड्याने द्या.

मी नुकतीच नोकरीतून मोकळी झाले होते आणि डोक्यात देशी झाडांचं खूळ होतं. पुण्याच्या प्रा. श्री. द. महाजनांनी देशी झाडांचा आग्रह आयुष्यभर धरला, त्यांचं लिखाण वाचून माझी यादी तयार होती. पण यादी घेऊन नर्सरीत जाण्याआधी एक वर्ष वरकसात काहीच लावायचं नाही, काही तोडायचंही नाही, नुसतं काय उगवतं ते बघायचं असं मी ठरवलं. घरात याला आळस म्हणाले.

पाऊस पडून आठवडा झाला नसेल, बांधाखालच्या सावलीत जमीन फोडून शेवळं वर आली होती. बाजारात मिळतात त्या मिटलेल्या कळ्या. इथे ती उमलली होती: बाहेर एकच मोठं पान गुंडाळल्यासारखं, मधून जांभळट-काळा दांडा वर गेलेला. आणि वास! मेलेल्या उंदराचा. त्या वासावर किडे येतात, दांड्याच्या बुडाशी शिरतात. तिथेच खरी फुलं असतात, खाली मादी, वर नर, दाण्यांसारखी एकमेकांना चिकटलेली. शेवळं साफ करताना बायका तळाचा जो पिवळट दाणेदार भाग काढून टाकतात, तो हाच. काही दिवसांनी दांडा कोलमडतो आणि मग त्या जागी ठिपक्याठिपक्यांच्या देठावर एकच एक छत्रीसारखं पान येतं. पाऊस सरला की तेही जातं. वर्षातले सात-आठ महिने शेवळ नुसता कंद म्हणून जमिनीत बसून असतं. जगात ते फक्त पश्चिम घाटात आणि त्याच्या आसपास आहे. कळी खुडली की त्या वर्षीचं बी गेलं, म्हणून हाटकेशच्या टोपल्या बघताना आता माझं मन जरा दुभंगतं. पण ती विकणाऱ्या बाईचं चार दिवसांचं तेल-मीठ त्यात असतं, आणि कंद तसाच ठेवून वरची कळी तेवढी खुडायची हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. कंदासकट डोंगर खणणारा पोकलेन मात्र कुणाच्या नजरेत येत नाही.

शेजारच्या शेतातल्या काकी रोज गुरं घेऊन वरून जायच्या. त्यांना गंमत वाटायची की ही शहरातली सून वही घेऊन गवतात काय शोधते. एक दिवस बांधापाशी थांबून त्यांनी काठीनेच दाखवायला सुरुवात केली. "ती भारंगी हाय, सूनबाय. कोवळा पाला भाजीला. तो कुडा. ही कलावी, हिचा कांदा तोंडात घालू नको, मरशील." कलावी म्हणजे कळलावी, श्रावणात तिची लाल-पिवळी, ज्वाळेसारखी उलटी वळलेली फुलं आली तेव्हा कुंपणावरून नजर हटेना. त्यांनी दोन कुड्यांतला फरक दाखवला तो अजून विसरलेले नाही. पांढऱ्या कुड्याच्या लांब शेंगा जोडीने लोंबतात पण सुट्या. काळ्या कुड्याच्या शेंगा टोकाला एकमेकींना चिकटलेल्या. पानांवरून घोळ होईल, शेंगांवरून होत नाही. आणि ओढ्याच्या कडेला एक मोठं झाड होतं, ज्याच्या पानांवर जागोजागी गोल गाठी होत्या. मला वाटलं रोग पडलाय. काकी हसल्या. "काकडच तो. त्याचा पाला असाच." एक बारीक कीटक काकडाच्या पानात अंडी घालतो आणि पान त्याभोवती गाठ धरतं, हे मी नंतर वाचलं. काकडाला ओळखायची ती सगळ्यात सोपी खूण आहे.

म्हणजे शेवळ आणि त्याचा उतारा दोन्ही आमच्या वीस गुंठ्यांत, शंभर पावलांच्या अंतरावर होते, आणि मी यादी करत बसले होते.

रात्री हाटकेशच्या घरी परत आले की मी थिओडोर कुकचा 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' उघडून बसते. १९०१ ते १९०८ दरम्यान तो भागाभागाने आला. आता संगणकावर फुकट मिळतो. त्यात प्रत्येक वनस्पतीखाली ती कुठे सापडली त्या जागा असतात. साल्सेट, म्हणजे आमचं साष्टी बेट, तर वारंवार येतं. आम्ही जिथे पाचव्या मजल्यावर राहतो त्याच बेटावरच्या डोंगर-खाजणांतली झाडं. नोंदीच्या शेवटी देशी नावही असतं, कुडा, ऐन, कुंभा. मात्र ते नाव साहेबाला कुणी सांगितलं, याचा पत्ता कुठेच नाही. याउलट सतराव्या शतकात मलबारात डच गव्हर्नर व्हॅन र्‍हीड याने 'हॉर्टस मलबारिकस' तयार करवून घेतला. त्याला माहिती पुरवणाऱ्यांत रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट हे तीन कोंकणी वैद्य होते, आणि त्यांनी नागरी लिपीत लिहून दिलेला कोंकणी दाखला त्या ग्रंथात छापलेला आहे. इटी अच्युतन या मल्याळी वैद्याचाही आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी जमलं ते पुढच्या साहेबांना का जमलं नाही, कोण जाणे. माझ्या वहीत काकींचं नाव प्रत्येक पानावर आहे. इथे लिहीत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही.

आता देशी कशाला म्हणायचं, यावर माझे आणि ह्यांचे पुष्कळ वाद झाले. मुंबई-ठाण्याच्या नर्सऱ्यांत हल्ली "देशी" अशी वेगळी रांग असते आणि तिथे कडुनिंब, चंदन, चिंच एका ओळीत उभे असतात. चिंच मुळात आफ्रिकेतली. चंदन दख्खनच्या कोरड्या भागातलं, शिवाय त्याला दुसऱ्या झाडाच्या मुळांतून अन्न ओढावं लागतं, एकट्याला धड जगता येत नाही. कडुनिंब कोरड्या मुलखात राजा; तुंगारेश्वरच्या पावसात तो उभा राहतो, पण या जंगलाचा तो नव्हे. देश हा राजकीय नकाशा आहे, झाडाला तो कळत नाही. झाडाला कळतो तो पाऊस, उतार, मुरूम आणि शेजारी कोण आहे ते. म्हणून मी यादीवरची अर्धी नावं खोडली आणि तीच झाडं ठेवली जी पारोळपासून गणेशपुरीपर्यंतच्या रस्त्याला, कुणीही न लावता उभी आहेत: ऐन, किंजळ, बिवळा, कुंभा, आसाणा, शिवण, हेद, काटेसावर, पांगारा, बहावा.

तरी फार सोवळंही पाळू नये. घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याला राजेंद्र ओवळेकर यांनी घरच्या दोन एकर शेतात फुलपाखरांची वाडी उभी केली आहे. कुठल्या फुलपाखराची अळी कुठलं पान खाते हे बघत बघत त्यांनी एकेक झाड लावत नेलं आणि आज तिथे शंभरावर जातींची फुलपाखरं नोंदली गेली आहेत. आमच्यासारख्या लहान जमिनीवाल्यांना दोन एकरांत काय होऊ शकतं हे दाखवणारी जवळची जागा तीच. ईश्वरीच्या वेलावर कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझच्या अळ्या वाढतात, कारण त्या वेलाचं विष त्या अंगात साठवतात आणि मग पक्षी त्यांच्या वाट्याला जात नाहीत. आणि रेड पिएरो हे चिमुकलं फुलपाखरू पानफुटीवर अंडी घालतं. पानफुटी मादागास्करची. फुलपाखराने कुणाची यादी वाचलेली नसते.

तसंच उंदीरमारीचं. ग्लिरिसिडिया, सरकारी नाव गिरिपुष्प, मध्य अमेरिकेतून आलेलं झाड. शेतकी खात्याने भाताच्या बांधावर लावायला सांगितलं, वनखात्याने उघड्या डोंगरांवर लावलं, आणि आता निसर्गप्रेमी मंडळी त्याचं नाव निघालं की कपाळाला आठ्या घालतात. डोंगरच्या डोंगर त्याने भरून टाकणं मलाही पटत नाही. पण आमच्या खालच्या बांधावरची रांग मी ठेवली आहे. त्याचा पाला चिखलणीच्या वेळी खाचरात तुडवला की युरियाची एक गोण वाचते आणि वरच्या ऐनाच्या फांद्या शाबूत राहतात. रानमोडी मात्र दिसेल तिथे उपटते. तिला थंडीत फुलं येण्याच्या आधी गाठावं लागतं, नंतर तिचं बी वाऱ्यावर जातं आणि पुढच्या पावसात हिशेब चौपट होतो. लँटानाचंही तेच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणलेलं हे झुडूप आमच्या बांधापर्यंत चालत आलं आहे.

मग वाढवलं काय? बी गोळा करायचं तर ऋतू सांभाळावा लागतो, आणि एकदा हा हिशेब लक्षात आला की बाकीचं सोपं. जांभूळ पिकतं ते पाऊस तोंडावर असताना; त्याची बी पंधरा दिवस कपाटात ठेवली तर मेली, खाल्ल्या खाल्ल्या मातीत घालायची. ऐन, किंजळ, बिवळा यांच्या बियांना पंख, म्हणून त्या कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत सुटतात आणि पावसाची वाट बघत पडून राहतात. ऐनाच्या शंभर बिया टाकाव्यात तेव्हा मूठभर रोपं हाती लागतात. बहाव्याच्या बीला कवच इतकं कठीण की कोल्ह्या-माकडाच्या पोटातून गेल्यावरच ते नरम पडायचं. आपण कानशीवर घासून रात्रभर पाण्यात ठेवतो. बी आम्ही रस्त्याकडेने आणि ओळखीच्यांच्या शेतातून आणतो. हाटकेशच्या खिडकीतून रोज दिसणाऱ्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून एक बोंडही उचलायला कायद्याने बंदी आहे, आणि ती असायलाच हवी.

पण माझ्या पिशव्यांतल्या रोपांपेक्षा जास्त काम एका वाळक्या बांबूने केलं. उताराच्या मध्यभागी, जिथे गवताशिवाय काही नव्हतं, तिथे मी उंच बांबू रोवला आणि त्याला आडवी काठी बांधली. कोतवाल आणि बुलबुल येऊन बसायला लागले. पक्षी बसला की विष्ठा टाकतो. दोन पावसाळ्यांनी त्या बांबूच्या बुडाशी आसाणा, चांदाडा, उंबर आणि करवंदाची रोपं दाटीवाटीने उभी होती. यांतलं एकही रोप मी नर्सरीतून आणलेलं नव्हतं. आता आमच्या वरकसात असे बांबू जागोजागी आहेत. काकींच्या नातवाला वाटतं आम्ही डिश अँटेना बसवतोय.

हे सगळं एका दुपारी जाऊ शकतं. मार्चनंतर गवत वाळतं आणि कुठून तरी वणवा येतो. कुणी नवं गवत फुटावं म्हणून लावतो, कुणी बिडी टाकतो. म्हणून जानेवारीत आम्ही वरकसाभोवती जाळरेषा काढतो: दोन माणसं आडवी झोपतील एवढा पट्टा गवत कापून, झाडून मोकळा करायचा. अंग मोडून जातं, आणि फोटो काढण्यासारखं त्यात काही नसतं. वृक्षारोपणाचे फोटो मात्र छान येतात. राज्यात २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत पन्नास कोटी झाडं लावण्याचा संकल्प झाला होता; तेव्हा वणव्याच्या बंदोबस्ताचा असा संकल्प कुणी सोडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. कुंभा मात्र आगीला पुरून उरतो. त्याची साल जाड, बाहेरून कोळसा झाली तरी आत ओल टिकते. वणव्यानंतर काळ्या पडलेल्या उतारावर फक्त त्यालाच फुलं असतात. रात्री उमलणारी, पांढऱ्या पाकळ्यांची, आत गुलाबी केसरांचा झुपका. सकाळी जाऊन बघावं तर ती खाली राखेत पडलेली.

वरच्या टोकाला कारवीचं एक बेट आहे. कुडाच्या भिंतींसाठी तिच्या काठ्या पूर्वी गाड्या भरभरून जायच्या. २०२४ च्या पावसाळ्यात ती निळी-जांभळी फुलली, मधमाश्यांनी तिथे उच्छाद मांडला, आणि मग आठ वर्षांचं आयुष्य संपवून सगळी वाळून गेली. पुढची फुलं २०३२ ला. ह्यांनी कॅलेंडरवर नाही, घराच्या कर्जाच्या फाइलवर तारीख लिहून ठेवली आहे. ते कर्जही तेव्हाच फिटायचं आहे.

काकींच्या मुलाशी एकदा बोलणं झालं ते मला अजून पोखरतं. त्याच्या बांधावर किंजळाची चार सुरेख रोपं आपोआप आली होती आणि त्याने ती कोयत्याने उडवली. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मोठी झाल्यावर तोडायला परवानगी कोण आणून देणार? तुम्ही?" १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्याच्या अनुसूचीत सोळा झाडं आहेत: साग, खैर, ऐन, किंजळ, बिवळा, हेद, मोह, हिरडा, जांभूळ, आंबा, फणस वगैरे. खाजगी जमिनीतलं असलं तरी तोडायला अर्ज, पंचनामा, चकरा. कायदा झाडं वाचवायला केला. पण लहान शेतकऱ्याने त्यातून काढलेला अर्थ सरळ आहे: ज्या झाडाला कागद लागतो ते झाड लहान असतानाच संपव, आणि ज्याला लागत नाही ते निलगिरी-सुबाभूळ लाव. त्याला दोष देणं मला जमत नाही. मी पेन्शनवर देशी झाडं वाढवते, तो शेतावर घर चालवतो. किंजळाला नोव्हेंबर-डिसेंबरात गंजलेल्या लाल रंगाची पंखवाली फळं येतात आणि अख्खं झाड दुरून पेटल्यासारखं दिसतं, हे सौंदर्य त्याच्या कर्जाचा हप्ता भरत नाही. अनुसूचीतलं झाड स्वतः लावलं आणि सातबाऱ्यावर नोंदवलं तर तोडताना त्रास नाही, अशी सोपी वाट त्याला कुणी गावात येऊन दाखवली, तर तो बांधभर किंजळ लावील असं मला वाटतं. काकी तर आजच लावतील.

गेल्या जूनमध्ये आमच्या सोसायटीलाही झाडं लावायची होती. कंपाउंडमध्ये सध्या पेव्हर ब्लॉक आणि कुंड्यांतले शोभेचे ताड. वरकसातली रोपं मी फुकट देऊ केली तेव्हा मीटिंगमध्ये झाडांबद्दल एकच प्रश्न विचारला गेला, तोही सगळ्यांनी मिळून: कचरा किती पडतो? काटेसावर काट्यांमुळे बाद, कुंभा फुलं सांडतो म्हणून बाद, उंबर मुळांमुळे बाद. ताम्हण राज्याचं फूल म्हणून बिनविरोध पास झालं. दुसऱ्या जागेसाठी बकुळ, कारण ट्रेझररच्या आईंना गजरा आवडतो. दोन्ही रोपं लागली आहेत आणि वॉचमन त्यांना एसीचं पाणी घालतो. बकुळीला पुढे नारिंगी फळं धरतात, त्यांवर पक्षी येतात, आणि ते पक्षी खाली पार्क केलेल्या गाड्यांवर काय करतात, हे मी मीटिंगमध्ये बोललेले नाही.